हॉस्पिटलला फायर अलार्म कन्व्हेन्शनल घ्यावा की ॲड्रेसेबल? इन्व्हर्टर, जनरेटर, सोलर असताना वेगळी बॅटरी लागते का?

भाऊ, तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो. तुमचं प्रकरण थोडक्यात असं: अमळनेरात तळमजला अधिक तीन मजले, ३० खाटांचं हॉस्पिटल, खाली मेडिकल आणि भाड्याने दिलेली दोन दुकानं. एक कोटेशन कन्व्हेन्शनलचं (आग कोणत्या भागात एवढंच सांगणारं), दुसरं ॲड्रेसेबलचं (नेमकी खोली सांगणारं) आणि ते जवळपास दुप्पट. त्यात वायरमन पॅनेलबद्दल, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीबद्दल, म्हणतो, ‘पॅनेल इन्व्हर्टरवर टाकून देऊ, वर सोलर आहे, खाली जनरेटर आहे, बॅटरीचा खर्च कशाला?’ मी धुळ्यात राहतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात अलार्म आणि फायर पंप बसवणं आणि ते सांभाळणं हाच माझा धंदा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायरमनचं या बाबतीत ऐकू नका. तो लोडशेडिंगचा विचार करतोय. लोडशेडिंगला इन्व्हर्टर-जनरेटर उत्तमच. पण आग लागली की माणसं सगळ्यात आधी काय करतात? मेन स्विच पाडतात. वॉचमन पाडतो, शेजारचा दुकानदार पाडतो, आणि बंब आला की जवान पाणी मारण्याआधी इमारतीची वीज तोडायला लावतात. तेही बरोबरच आहे. म्हणजे महावितरण गेलं, आणि जनरेटर आपोआप सुरू झाला असेल तर तोही बंद करायला लावतात. हॉस्पिटलात आग बहुधा विजेच्या सामानातूनच सुरू होते: एसी, पॅनेलबोर्ड, इन्व्हर्टरची खोली, रात्रंदिवस चालणारी मशिन्स. जिथून वीज येते तिथेच पेटलेलं असलं, तर त्या विजेवरचा अलार्म सगळ्यात आधी मरणार. बाहेरून येणारी प्रत्येक वीज आगीत जाणार असं धरूनच पॅनेलच्या पोटात स्वतःची बॅटरी ठेवलेली असते. ती काढायची नाही, तिच्यावर काटकसरही करायची नाही.

इन्व्हर्टरची आणखी एक खोड आहे. त्यावर वॉर्डचे पंखे, लाइट, काउंटरचा कॉम्प्युटर, सगळं असतं. वळवाच्या वादळात फीडर पडला आणि लाइट रात्रभर आली नाही, तर इन्व्हर्टर काही तासांत बसतो. तोवर पॅनेलला वाटत असतं की मेन चालूच आहे, त्यामुळे ते ‘मेन फेल’चा इशाराही देत नाही. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना विचारा, मे-जूनच्या एका वादळाने किती वेळ अंधार होतो ते. तुमचं अमळनेर त्यातून सुटलेलं नाही.

सोलरबद्दलचा गैरसमज तर इतका पसरलाय की प्रत्येक साइटवर तोच खुलासा करावा लागतो. नेट मीटरिंगचं रूफटॉप सोलर ग्रिड गेलं की स्वतःहून बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे भर दुपारी, डोक्यावर ऊन असतानाही, लाइट गेली की तुमचं सोलर शून्य. उलट आगीत त्याचा धोका वाढतो. मेन पाडलं तरी सोलर पॅनेलपासून खाली येणारी डीसी केबल उजेड असेपर्यंत जिवंतच राहते. सोलरवाल्याकडून गच्चीवरच डीसी आयसोलेटर (ती केबल तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि खाली मीटरपाशी मोठ्या अक्षरात मराठीत पाटी लावा: गच्चीवर सोलर आहे, आयसोलेटर अमुक ठिकाणी. बंबावरच्या पोरांवर उपकार होतील.

आता बॅटरीचा हिशोब. तो अवघड नाही, पण कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही. पॅनेल २४ व्होल्टवर चालतं, म्हणून १२ व्होल्टचे दोन एसएमएफ डबे (पाणी घालावं न लागणाऱ्या बंद लेड-ॲसिड बॅटऱ्या) एकामागे एक जोडलेले असतात. सर्वसाधारण रीत अशी की मेन गेल्यावर २४ तास पॅनेल पहाऱ्यावर राहिलं पाहिजे आणि त्यानंतरही अर्धा तास सगळे हूटर (भोंगे) वाजले पाहिजेत. तुमच्या आकाराची सिस्टिम पहाऱ्यावर असताना ०.२५ अँपिअर आणि बोंबलत असताना १.२ अँपिअर खाते असं धरू. खरे आकडे कंपनीच्या कागदावर मिळतात, ते मागून घ्या. २४ तासांचे ६, अर्ध्या तासाचे ०.६, मिळून ६.६. बॅटरी जुनी होते म्हणून वर २५ टक्के. झाले ८.२५ एएच (अँपिअर-तास). म्हणजे १२ एएचचे डबे हवेत. तुमच्याकडे वादळाची सवय बघता मी २४ ऐवजी ४८ तास धरतो. तो हिशोब १५.७५ वर जातो, म्हणजे १८ एएच. डबा मोठा घ्यायचा तर पॅनेलचा चार्जर तेवढा डबा भरू शकतो का आणि पेटीत तो मावतो का, हेही विचारायचं. आणि कोटेशनमध्ये तुम्हाला काय दिसेल? बहुतेक वेळा ७ एएच. नवीन असताना तो डबा दिवसभर कसाबसा तग धरेल. दोन उन्हाळे खाल्ले की एक रात्रही काढणार नाही.

उन्हाळे म्हटलं, कारण इथेच पुण्या-मुंबईचं डिझाइन आपल्याकडे फसतं. एसएमएफ बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपासच्या तापमानावर सांगितलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. डब्यावर पाच वर्षं लिहिलेली असतील आणि डबा ३५ अंशांत बसला असेल, तर अडीच वर्षं धरा. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना जिन्याखालच्या बंद कोनाड्यात, इन्व्हर्टरच्या शेजारी किती असेल? आणि आपल्याकडे पॅनेल नेमकं तिथेच टांगतात, कारण ती जागा ‘दिसत नाही’! इंटिरियरवाल्याला लाल पेटी रिसेप्शनमध्ये नको असते. तुम्ही त्याच्याशी भांडा. पॅनेल जिथे २४ तास माणूस बसतो तिथेच हवं. तुमच्याकडे ती जागा म्हणजे कॅज्युअल्टीचं काउंटर किंवा पहिल्या मजल्याचं नर्सिंग स्टेशन. रिसेप्शन रात्री रिकामं असतं. माणूस बसतो तिथे पंखा असतो, बहुधा एसीही असतो, त्यामुळे बॅटरीही जगते. डब्यांवर मार्करने बसवल्याची तारीख लिहून घ्या, दोन्ही डबे एकदमच बदला, आणि आपल्या हवेत दोन वर्षांनी बदलायचे हा खर्च आत्ताच वहीत धरून ठेवा. लिथियमचे डबे घालू का, असं हल्ली पुष्कळजण विचारतात. पॅनेलचा चार्जर लेड-ॲसिडसाठी बनवलेला असेल तर त्यावर लिथियम घालायचं नाही.

पॅनेलला मेनची लाइन द्यायची ती थेट मुख्य बोर्डावरून, स्वतंत्र एमसीबीने, जनरेटरचा चेंजओव्हर जिथे होतो त्याच्या पुढच्या बाजूने. त्या एमसीबीला लाल रंग आणि ‘बंद करू नये’ ही पाटी. टीव्हीच्या पॉइंटमधून थ्री-पिन लावून पॅनेल चालवलेलं मी पाहिलंय. झाडणारी बाई पिन काढून तिथे मोबाइल लावते, यात तिची काय चूक? लाइनवर सर्ज प्रोटेक्टरही बसवा. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढला की पॅनेलचा पॉवर सप्लाय जळतो, मग पॅनेल गुपचूप बॅटरीवर येतं आणि एक-दोन दिवसांत मरतं. ते मरण्याआधी बारीक बजर वाजवून ओरडत असतं, पण रात्रपाळीला त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बजरवर चिकटपट्टी लावलेली असते. स्टाफला एवढं शिकवा की पिवळा दिवा लागला की फोन करायचा, चिकटपट्टी लावायची नाही.

आता पॅनेल कोणतं. कन्व्हेन्शनलमध्ये इमारतीचे झोन पाडतात. एका झोनच्या दोन वायरींवर धूर किंवा उष्णता ओळखणारे पंधरा-वीस डिटेक्टर असतात, आणि आग लागली की पॅनेल एवढंच सांगतं: ‘झोन ३’. कोणती खोली, ते पळत जाऊन शोधायचं. ॲड्रेसेबलमध्ये एकच वायर पूर्ण इमारतीत फिरून परत पॅनेलवर येते (हाच लूप) आणि प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. पॅनेलवर अक्षरं येतात: ‘दुसरा मजला, एनआयसीयू’ (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष). लूप एका ठिकाणी तुटला तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहतं. मध्ये आयसोलेटर घातले असतील तर शॉर्ट झाला तरी तेवढाच तुकडा बाजूला पडतो. कंपनीप्रमाणे एका लूपवर शंभर-सव्वाशेपासून अडीचशेपर्यंत डिटेक्टर आणि इतर उपकरणं बसतात. तुम्हाला एक लूप पुरून उरेल.

मंगल कार्यालय, गोडाऊन, चार खोल्यांचं ऑफिस असेल तर मी डोळे झाकून कन्व्हेन्शनल सांगतो. स्वस्त, दुरुस्तीला सोपं, तालुक्याच्या गावातला चांगला वायरमनही दोष शोधू शकतो. हॉस्पिटलला मात्र ॲड्रेसेबल घ्या. पेशंट स्वतः पळू शकत नाही, हेच कारण. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण दगावले. अशा खोलीत धूर भरायला काही मिनिटं पुरतात. रात्रपाळीला दोन सिस्टर असतात, त्यातली एक झोन ३ मधली सगळी दारं उघडत फिरली तर उरलं काय?

पैसे खरोखरच बसत नसतील तर कन्व्हेन्शनल घ्या, पण झोन बारीक पाडा. आयसीयूचा वेगळा, ऑपरेशन थिएटरचा वेगळा, प्रत्येक मजल्याचे निदान दोन. आणि बंद राहणाऱ्या प्रत्येक खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूने रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे आतला डिटेक्टर पेटला की बाहेर लागणारा लाल दिवा. अगदी किरकोळ खर्चाची वस्तू आहे, पण शोधाशोध निम्म्यावर येते. असं मन लावून केलेलं कन्व्हेन्शनल घाईत टाकलेल्या ॲड्रेसेबलपेक्षा कधीही बरं.

ॲड्रेसेबलमध्ये एक गोची आहे, ती ऑर्डर देण्याआधी सोडवून घ्या. बहुतेक पॅनेल फक्त आपल्याच कंपनीच्या डिटेक्टरशी बोलतात. एकदा घेतलं की तुम्ही त्या कंपनीचे. दुसरं, प्रोग्रॅमची फाइल आणि पासवर्ड विकणाऱ्याकडे राहतात. पुढे त्याच्याशी बिनसलं किंवा त्याने धंदा बंद केला, तर एका खोलीचं नाव बदलायलाही कुणी हात लावू शकत नाही. तुमच्याच भागातल्या एका दवाखान्यात वॉर्डची जागा बदलून वर्ष झालं तरी पॅनेल जुन्याच खोल्यांची नावं सांगत होतं, कारण पासवर्ड ज्याच्याकडे, तो फोन उचलत नव्हता. तेव्हा पेमेंटचा शेवटचा हप्ता फाइल, पासवर्ड आणि नकाशा हातात पडल्यावरच. आणि हेही विचारा की सर्व्हिसचा माणूस कुठून येणार. जळगाव-धुळ्याचा असेल तर ठीक. नाशिक-पुण्याहून ‘उद्या पाठवतो’ म्हणणारा असेल तर कितीही भारी ब्रँड असू द्या, माझं मत जवळून सर्व्हिस देणाऱ्याच्या कोटेशनला.

डिटेक्टर कुठे कोणता हे कोटेशनपेक्षा साइटवर फिरून ठरतं. खोल्या, वॉर्ड, पॅसेजला स्मोक. स्वयंपाकघर, लाँड्री, ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करायच्या मशिनची) खोली, जनरेटर इथे हीट. कॅन्टीनमध्ये स्मोक लावलात तर रोज फोडणीला भोंगा, आणि डिसेंबरात कुणी गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजायला घेतली की पूर्ण हॉस्पिटल रस्त्यावर! दहा वेळा खोटं वाजलं की अकराव्या वेळी सिस्टर बघायला जात नाही, तिथेच सिस्टिम मेली. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिथला हीट डिटेक्टर नेहमीचा चालणार नाही. नेहमीचा जास्तीत जास्त ५० अंशांच्या जागेसाठी असतो आणि ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान उठतो. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालची हवाच ५० च्या घरात जाते. तिथे वरच्या श्रेणीचा, ६९ ते ८५ अंशांच्या दरम्यान उठणारा मागा. एसीच्या वाऱ्याच्या झोतापासून डिटेक्टर निदान मीटरभर लांब हवा. फॉल सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्या आतही डिटेक्टर लागतो. आणि रंगारी गेल्यावर प्रत्येक डिटेक्टरची प्लॅस्टिकची टोपी काढली का, हे स्वतः मान वर करून बघा. उद्घाटन होऊन महिने झाले तरी टोप्या तशाच, हे दृश्य जितकं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

खालची दुकानं. हा मुद्दा तुमच्या दोन्ही कोटेशनमध्ये नसणार, कारण दोघांनी फक्त हॉस्पिटलचे मजले मोजले असतील. धूर खालून वर जातो. रात्री शटर पडलेलं, आत शॉर्ट झाला, तर बाहेर कुणाला कळेपर्यंत धूर जिन्यात आणि केबलच्या डक्टमधून तुमच्या पहिल्या मजल्यावर. म्हणून दुकानांच्या आत डिटेक्टर, आणि तेही तुमच्याच पॅनेलवर. भाडेकरू कुरकुर करेल, तर भाडेकरारातच कलम घाला. डक्टची भोकं प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आग अडवणाऱ्या सामानाने बुजवून घ्या. पीओपी लावून रंग मारणं म्हणजे बुजवणं नव्हे.

आवाजाचं प्रमाण साधारण ६५ डेसिबल, किंवा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ५ जास्त. माणूस झोपतो तिथे उशाशी ७५. आयसीयूत मात्र कर्कश हूटरपेक्षा स्टाफला दिसणारा चमकणारा दिवा आणि मंद आवाज बरा. दारांना कार्डचं मॅग्नेटिक लॉक असेल तर अलार्म झाला की ते आपोआप सुटलं पाहिजे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

अग्निशमन विभागाच्या एनओसीत (ना-हरकत दाखल्यात) फायर पंप सांगितला असेल तर त्याची वीज वेगळीच गोष्ट आहे. त्याची केबल मेन स्विचच्या आधीच निघायला हवी. म्हणजे इमारतीची वीज तोडली तरी पंप चालू राहील. नाहीतर जवान वीज तोडतात आणि त्याच क्षणी होजमधलं पाणी थांबतं. मोठ्या सिस्टिममध्ये इलेक्ट्रिक पंपाच्या जोडीला डिझेल पंप असतो तो यासाठीच. केबल घेताना ‘एफआरएलएस आहे’ एवढ्यावर भुलू नका. ती केबल आग पसरवत नाही आणि धूर कमी करते, पण आगीत सापडली की तीही जळते. पंपाच्या आणि हूटरच्या लाइनला फायर सर्व्हायव्हल केबल मागा. तिच्या आत मायकाची पट्टी असते, आणि चांगली केबल ९५० अंशांत तीन तास वीज वाहून नेते अशी चाचणी झालेली असते. जास्तीचा खर्च तेवढ्याच लाइनवर होतो.

कागदपत्रं: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. काम लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं, आणि सगळं चालू स्थितीत असल्याचा ‘बी फॉर्म’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. एजन्सी येऊन फक्त सही-शिक्का मारून जात असेल तर तो फॉर्म आगीच्या दिवशी तुमच्याच विरोधात जाईल. बी फॉर्मच्या वेळी निदान एवढं करायला लावा: संध्याकाळी पॅनेलचा एमसीबी पाडायचा, रात्रभर बॅटरीवर ठेवायचं, सकाळी सगळे हूटर वाजवून बघायचे. तेवढी रात्र वॉचमनला जास्त फेऱ्या मारायला सांगा. नवीन सिस्टिम ताब्यात घेतानाही हीच चाचणी, पण पूर्ण २४ तासांची.

तुम्ही दोन्ही कोटेशनचे आकडे दिलेत, पण पॅनेलचं मॉडेल आणि डिटेक्टर-हूटर किती ते दिलेलं नाही. ते खाली कॉमेंटमध्ये टाका, बॅटरी किती एएचची लागेल ते मांडून देतो.